ताईचा घरचा आवाज

ताई टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसायची. कानाला हेडफोन, समोर शहराचा नकाशा आणि शेजारी चहाचा कप. तो कप नेहमी गारच व्हायचा, कारण बोलण्यातून प्यायला सवड नसायची. बहुतेक ड्रायव्हरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज सगळे ओळखायचे. "चार नंबर, झोपलास का रे? स्टेशनवर माणूस ताटकळलाय," असं ती म्हणाली की चार नंबर खरंच दचकून जागा व्हायचा. सात नंबरचा ड्रायव्हर तर तो आवाज ऐकून ऐकून एक दिवस कंट्रोल रूमचा जिना चढून वर आला, आवाजामागचं माणूस बघितलं, आणि वर्षभराने तिच्याशी लग्न केलं.

तिचा धाकटा भाऊ छोट्या. पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम करत होता. पण ताईने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. त्याने लग्न केलं नव्हतं. ताईच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. नाद एकच, कॉम्प्युटर. एका ऑफिसने काढून टाकलेलं मशीन त्याने उचलून आणलं, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या, लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम घातली आणि कपाटामागच्या बोळकांडीत स्टुलावर ठेवून दिलं. दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच लिहिलं जायचं. एक गेली तरी दुसरीवर शाबूत. दोन्ही घरांचे फोटो, कागदपत्रं, गाणी, सगळं त्याच्यावर. ताई त्या मशीनला 'छोट्याची बायको' म्हणायची. "दिवसभर घुरघुरते, पण सोडून जात नाही," म्हणायची.

ताईची जीभ जड पडायला लागली, ते आधी ड्रायव्हरांच्या लक्षात आलं. कुणीतरी रेडिओवर चेष्टेत विचारलं, "ताई, आज सकाळीच घेतलीत काय?" ती हसली. पण संध्याकाळी घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहून गल्ल्यांची नावं मोठ्याने म्हणत होती, आणि काही नावं जिभेखाली चिरडत होती. भावोजी, तेच सात नंबरवाले, दारात उभे राहून ऐकत होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की नसांचा आजार आहे, सुरुवात जिभेपासून झाली आहे, पुढे हात, मग श्वास. औषध नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना ताई म्हणाली, "म्हणजे आमचं दुकान बंद." भावोजींनी गाडीचं दार उघडलं आणि ते तसंच धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

दवाखान्यात वाचा-उपचाराच्या बाई होत्या. त्यांनी ताईला सांगितलं, "आवाज आहे तोवर साठवून ठेवा. पुरेशी वाक्यं स्वच्छ मिळाली, तर पुढे तुम्ही टाइप कराल ते मशीन तुमच्याच आवाजात बोलेल."

"साठवायचं कुठे?" ताईने विचारलं.

"आमच्याकडे एका कंपनीची सोय आहे."

"जन्मभर आवाज कंपनीलाच दिलाय, बाई. हा तरी घरात राहू दे. छोट्या, तुझी बायको सांभाळेल ना?"

"सांभाळेल की," छोट्या म्हणाला. ठरलं असं, की रेकॉर्डिंग छोट्याच्या मशीनवर ठेवायचं आणि सगळं तयार झालं की एकदाच बाईंना द्यायचं.

छोट्याच्या आतल्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगल्या. बाईंनी वाक्यांचे कागद दिले होते. कागदावरची वाक्यं अगदीच बेचव होती, 'निळी पिशवी टेबलावर आहे' अशी. ताईचा घसा त्यांनी मोकळा व्हायचा नाही. म्हणून ती आधी थोडा वेळ कंट्रोल रूमचं बोलून घ्यायची. "नऊ नंबर, पुलावर गर्दी आहे, नदीकाठाने या." मग कागद. आणि कागद संपले की तिची स्वतःची वाक्यं. "दार लोटून घे." "आलास? आधी हात धू." "अंगावर घे रे, गार पडलंय." एकदा तिने माइकसमोर कचकचीत शिवी दिली. छोट्याने बटणावरचा हात उचलला, तर म्हणाली, "ठेव ती. शिवी नसली तर तो माझा आवाज कसला?"

काही वाक्यांच्या वेळी ती छोट्यालाही बाहेर काढायची. "ही तुझ्या भावोजींची आहेत. तू चहा टाक जा." मग छोट्या स्वयंपाकघरात उभा राहायचा. दाराआडून आवाजाची नुसती गुणगुण यायची, शब्द कळायचे नाहीत. चहा उकळून आटायचा.

चष्म्याच्या काचेवर छोट्याला ओरखडा चालायचा नाही, तसा आवाजावरही चालला नाही. एकेक वाक्य घेऊन त्यातली खरखर काढायची, मागची गाडीची घरघर पुसायची, धाप लागलेली असली तर ती कापायची. रोज दुकानातून आलं की हेच. बाईंचा फोन यायचा, "जसं आहे तसं पाठवा, आमच्याकडे साफ करतात." तो म्हणायचा, "थोडंच राहिलंय. एकदाच नीट देतो." नीट देण्याच्या नादात महिने गेले. तोवर ताईचं बोलणं आधी परक्यांना कळेनासं झालं, मग शेजाऱ्यांना, मग छोट्यालाही. भावोजींना तेवढं शेवटपर्यंत कळत होतं, किंवा ते कळल्यासारखं दाखवत होते. ताईने गळ्यात एक छोटी पाटी अडकवली आणि तिच्यावर लिहायला लागली. कारण पुढचा आवाज छोट्याच्या मशीनमध्ये ठेवलेला होताच.

एका रविवारी सकाळी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीतरी फुटलं. लाइट गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. छोट्या चहा घेऊन उरलेली वाक्यं साफ करायला बसला, तर लॅपटॉप म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. सर्व्हर म्हणजे बोळकांडीतलं ते मशीन.

त्याला काही वाटलं नाही. असं पूर्वीही झालं होतं. त्याने आधी सर्व्हरला हाक मारून पाहिली, म्हणजे पिंग केलं, उत्तर नाही. राउटर बंद करून चालू केला. केबल बदलली. मग बोळकांडीत शिरून मशीनला जुना स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, की डेटाची डिस्क जोडता आली नाही, सिस्टिम आणीबाणीच्या अवस्थेत आहे, रूटचा पासवर्ड द्या. रूट म्हणजे त्या मशीनवरचं मालकाचं खातं. त्याने पासवर्ड दिला आणि डिस्कच्या जोडीची स्थिती विचारली. दोन असायला हव्या होत्या तिथे एकच दिसत होती.

'म्हणूनच तर दोन ठेवल्या होत्या,' तो मनात म्हणाला. पण उरलेलीही नीट वाचली जात नव्हती. त्याने मशीन बंद करून चालू केलं. तेच. पुन्हा केलं. तेच. मग त्याने डिस्क दुरुस्त करायची आज्ञा दिली. तो प्रोग्राम प्रत्येक मोडक्या जागेला थांबून विचारतो, हे असं करू का? प्रश्न फार येतात म्हणून छोट्याने सगळ्यांना आधीच 'हो' सांगून टाकलं. पडद्यावरून ओळी धावायला लागल्या. मशीन विचारत होतं आणि न वाचताच त्याचं 'हो' जात होतं. आणि मग मशीनच्या आतून एक आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक. काचेवर खडा ओढल्यासारखा.

काचेवर ओरखडा उठतानाचा आवाज त्याच्याइतका कुणाला माहीत असणार.

त्याचा एक मित्र होता, लिनक्सवाल्यांच्या चर्चेत ओळख झालेला. स्वतःचं नाव त्याने तिथे घुबड असं ठेवलं होतं. कुठल्याशा विद्यापीठातली मशीनं सांभाळायचा. दोघं कधी भेटले नव्हते. छोट्याने त्याला फोन लावला आणि काय काय केलं ते सांगितलं. दुरुस्तीपर्यंत आल्यावर घुबडाने त्याला मध्येच तोडलं.

"बंद कर," घुबड म्हणाला. "आत्ता. वायर ओढ."

छोट्याने वायर ओढली.

"डिस्क अशी करायला लागली की आधी प्रत काढायची, मग दुरुस्ती. प्रतीवर. मूळ डिस्कला हात लावायचा नाही."

"मला माहीत होतं रे," छोट्या म्हणाला. "माहीत होतं."

"बरं. पहिली डिस्क कधी गेली?"

"आजच. लाइट गेले तेव्हा."

"बघितलंस? सिस्टिम तुझी वेगळ्या छोट्या डिस्कवर आहे ना? मोठ्या दोन्ही काढून नुसत्या तिच्यावर मशीन चालू कर, आणि रूटची मेल उघड."

रूटला मेल येते हे छोट्या विसरूनच गेला होता. मशीनमध्ये काही बिनसलं की ते आपल्या मालकाला पत्र टाकतं. पण ते पत्र मशीनच्याच पोटातल्या पेटीत पडतं. बाहेर पाठवायचं तर तसं सांगून ठेवावं लागतं, आणि ते त्याने उद्यावर टाकलं होतं. आता त्याने पेटी उघडली. रोज सकाळी एक, असं पत्र. मजकूर एकच: जोडीतली एक डिस्क निकामी झाली आहे. तो मागे मागे जात राहिला. पत्रं संपेनात. सगळ्यांत पहिलं पत्र हिवाळ्याच्या सुरुवातीचं होतं. ताई पहिल्यांदा माइकसमोर बसली, त्याच्याही आधीचं.

म्हणजे ताईच्या आवाजाची दुसरी प्रत कधी नव्हतीच. पहिल्या वाक्यापासून सगळं एकाच डिस्कवर होतं, आणि मशीन हे त्याला रोज सांगत होतं.

"सापडलं?" घुबडाने विचारलं.

"हो."

घुबड म्हणाला, "उद्या नवी डिस्क घेऊन ये. मी आहे फोनवर."

दुसऱ्या दिवशी प्रत काढायला सुरुवात झाली. त्यासाठीचा प्रोग्राम शहाणा असतो. आधी सोपं सोपं उचलतो, आणि जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जातो, मग परत येऊन तिथे हळूहळू खरवडत बसतो. छोट्याने डिस्कसमोर टेबलफॅन लावला. सुरुवातीला आकडा भराभर चढला. मग रांगायला लागला. मग थांबला. छोट्याने दुकानात रजा टाकली आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बसून राहिला. भावोजींनी रस्त्यापलीकडून फोन केला, "काय रे, दिसला नाहीस?" तो म्हणाला, "जरा ताप आहे, ताईला लागायला नको." ते म्हणाले, "बरं. काही लागलं तर सांग."

आठवडा संपत आला तेव्हा घुबड म्हणाला, "आता तिला छळू नकोस. दिलं तेवढं घे." तरी छोट्याने ती डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेला पाठवली. त्यांनी उघडून पाहिली आणि परत पाठवली. आतल्या तबकडीचा पृष्ठभागच खरवडला गेला होता.

प्रतीवर दुरुस्ती केल्यावर फायली निघाल्या, पण नावं गेली होती, नुसते क्रमांक. छोट्याने हेडफोन लावला आणि एकेक ऐकायला घेतली. बहुतेकांत नुसती घूं. काहींत ताईचं अर्धं वाक्य, मग खर्र. 'आलास? आधी' एवढंच, पुढे काही नाही. साफ करून ठेवलेली सगळी वाक्यं गेली होती, कारण तीच तो रोज नव्याने लिहीत होता आणि ती सगळी डिस्कच्या खरवडल्या गेलेल्या भागात होती. घरची वाक्यं गेली. शिवी गेली. भावोजींची जी वाक्यं त्याने कधी ऐकलीच नव्हती, तीही गेली असणार. निदान सापडलेल्यांत तरी त्याने न ऐकलेलं असं एकही नव्हतं. धड वाचलं होतं ते फक्त घसा मोकळा करण्याचं बोलणं. ते वापरायचं नव्हतं म्हणून त्याने कधी साफ करायला घेतलं नव्हतं, एका बाजूला तसंच पडलं होतं. पुलावर गर्दी आहे. वळसा घाला. चार नंबर, झोपलास का रे.

त्याने सापडलं तेवढं बाईंना पाठवलं. बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. म्हणाल्या, "एवढ्यावर आवाज उभा नाही राहायचा. सुटी वाक्यं आहेत ती बटणांवर लावता येतील. बाकी बोलायला मशीनचाच आवाज."

मग तो रस्ता ओलांडून गेला.

ताई खिडकीशी बसली होती. भावोजी तिच्या बोटांना तेल लावत होते. छोट्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. डिस्क, पत्रं, दुरुस्तीची आज्ञा, 'हो'. काही लपवलं नाही.

ताईने पाटी ओढली. हातही आता जड पडायला लागला होता. तिने लिहिलं, 'सगळं?'

"बहुतेक सगळं. कंट्रोल रूमचं राहिलंय."

तिने भावोजींकडे बघितलं. मग पाटीवर आणखी एक शब्द लिहायला घेतला, आणि अर्ध्यावर सोडून हाताने पुसून टाकला. खिडकीकडे तोंड फिरवलं. तिच्या घशातून आवाज आला, रडण्याचा म्हणावा तर तसाही नाही. रडण्यासाठीही जे लागतं ते गेलं होतं. भावोजी म्हणाले, "छोट्या, तू आता जा." कडू बोलले नाहीत, पण दारापर्यंत आले नाहीत.

पुढे कितीतरी दिवस तिने त्याला घरात येऊ दिलं नाही. तो सकाळी दूध आणि ब्रेड दाराशी ठेवायचा, बेल वाजवायचा आणि जिना उतरायचा. संध्याकाळी आपल्या खिडकीतून समोरची खिडकी बघत बसायचा. तिला तो दिसत होता. ती पडदा ओढायची नाही, पण हातही करायची नाही.

मग एक दिवस भावोजी दुकानात आले आणि म्हणाले, "ये म्हणतेय."

तो गेला तेव्हा पाटी आधीच लिहून तयार होती. 'आलेलं पत्र वाचायचं असतं रे गाढवा.' त्याने ते वाचलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसला. तिने त्याच्या विरळ केसांतून बोटं फिरवली. बोटांत जोर नव्हता, नुसता स्पर्श होता. मग तिने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, 'मी पण आवाज कंपनीला दिला असता तर. दोघांचंही डोकं फिरलेलं.' आणि त्याखाली, 'रडू नको. मला डोळे पुसता येत नाहीत.'

बाईंनी मशीन दिलं. ताई एका बोटाने टाइप करायची आणि मशीन बोलायचं, कुणा अनोळखी बाईच्या गुळगुळीत आवाजात. ताईला ती बाई आवडली नाही. 'ही कधी भांडली नसेल कुणाशी,' असं तिने त्याच बाईकडून म्हणवून घेतलं. वाचलेली वाक्यं बटणांवर लावली होती. ती बटणं मात्र ती वापरायची. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की स्वयंपाकघरापर्यंत तिचा खराखुरा, ठणठणीत आवाज यायचा, "सात नंबर, कुठे आहात?" भावोजी हातातलं टाकून यायचे. "आलो, आलो," म्हणायचे. पाहुण्यांना हसू यायचं. तीही डोळ्यांनी हसायची. दुखत असलं तरी तिच्याकडे तेच वाक्य होतं, भीती वाटली तरी तेच. भावोजी तिच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचे, की ही आत्ताची हाक कसली आहे.

पानगळीच्या सुमारास, एका दुपारी, ती गेली. श्वास लहान लहान होत गेला आणि मग पुढचा आला नाही. भावोजींनी मशीन तिच्या हाताखालून काढलं आणि बंद केलं. ड्रायव्हर लोक गाड्या घेऊन आले. रस्ता दोन्ही बाजूंनी भरला. पुष्कळांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर भावोजी पुन्हा टॅक्सी चालवायला लागले. घरी बसून काय करणार. फेऱ्यांच्या मधल्या वेळात कधीकधी ते छोट्याकडे चढून यायचे. चहा व्हायचा. फारसं बोलणं नसायचं.

एकदा असेच बसले होते. बाहेर ऊन पडलं होतं, भावोजींनी चहा संपवला होता आणि रिकामा कप हातात फिरवत होते. म्हणाले, "एक विचारू? तुला तिचं बोलणं आठवतं का? घरातलं?"

"आठवतं की."

"कसं म्हणायची? 'अंगावर घे' कसं म्हणायची?"

छोट्याने तोंड उघडलं. शब्द आले. पण ते त्याच्याच आवाजात आले. ताईचा स्वर कुठे चढायचा, 'घे' लांबवायची की तोडायची, ते त्याला आत कुठेच ऐकू येईना. हेच वाक्य त्याने किती संध्याकाळी कानाला लावून साफ केलं होतं.

"बघ," भावोजी म्हणाले. "माझंही तेच झालंय. आधी तिचा आवाज यायचा. रात्री दिवा मालवला की यायचा. आता कान दिला की कंट्रोल रूमचाच येतो. नंबर सांगणारा. त्याआडचा दुसरा ऐकूच येत नाही. बायको म्हणून वीस-बावीस वर्षं जी बोलली ती गेली, आणि ऑफिसातली तेवढी राहिली."

छोट्याची नजर लॅपटॉपकडे गेली. उगाच काहीतरी करायचं म्हणून तो म्हणाला, "आहे त्यातलं लावू का? ऐकता ऐकता कदाचित दुसरंही आठवेल."

"नको," भावोजी म्हणाले. "ते लावलं की तेच आणखी पक्कं होतं."

मग त्यांनी विचारलं, "ती वाक्यं होती ना, तुला बाहेर काढून बोललेली. काय होतं त्यांत, तुला काही ऐकू आलं होतं?"

"नाही, भावोजी. दार बंद असायचं. मी चहाशी उभा असायचो."

"मी तिला विचारलं होतं नंतर. पाटीवर लिही म्हटलं. तर तिने लिहिलं, लिहिण्यासारखं नाहीये ते." ते थोडं हसले. "असं काय असेल?"

खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. भावोजींनी कप खाली ठेवला, किल्ल्या उचलल्या आणि चप्पल घालताना भिंतीचा आधार घेतला. छोट्या त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेला. ते दोन पायऱ्या उतरून थांबले, म्हणाले, "रविवारी जेवायला ये. भाजी मीच करतो, तेव्हा फार आशा ठेवू नकोस."

"येतो," छोट्या म्हणाला, आणि ते खाली रस्त्यावर पोचेपर्यंत कठड्याला धरून उभा राहिला.